जन्मजात की आनुवंशिक? मेंदूतील धमनीविस्फाराच्या अभ्यासाचा इतिहास

एका कुटुंबाची कल्पना करा. वडील पन्नाशीत अचानक उठलेल्या भयंकर डोकेदुखीने कोसळले आणि गेले. काही वर्षांनी आत्याचेही तसेच झाले. दोन्ही वेळा निदान एकच होते: मेंदूच्या धमनीवर आलेला फुगा फुटून मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव. घरातली तिशीतली मुलगी डॉक्टरांना विचारते, "हे माझ्यातही असेल का?"

या फुग्याला मराठीत धमनीविस्फार म्हणतात. दवाखान्यात मात्र तुम्हाला 'ॲन्युरिझम' हाच शब्द ऐकू येईल. त्या मुलीच्या प्रश्नाला वैद्यकाने वेगवेगळ्या काळात वेगवेगळी उत्तरे दिली. ही उत्तरे समजून घ्यायची तर दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात. 'जन्मजात' म्हणजे जन्माच्या वेळी शरीरात असलेले. 'आनुवंशिक' म्हणजे आईवडिलांकडून जनुकांवाटे आलेले. जन्मजात गोष्ट आनुवंशिक असेलच असे नाही, आणि आनुवंशिक गोष्ट जन्मतः दिसेलच असेही नाही. वैद्यकाला हा फरक नीट कळायला बराच काळ लागला. तो कसा कळत गेला, ते या पाठात पाहू.

१. विलिसचे वलय

सुरुवात मेंदूच्या तळाशी असलेल्या रचनेपासून करू. मानेतून वर जाणाऱ्या दोन कॅरोटिड धमन्या आणि मणक्यांच्या बाजूने चढणाऱ्या दोन व्हर्टेब्रल धमन्या मेंदूला रक्त पुरवतात. मेंदूच्या तळाशी लहान जोडधमन्यांनी त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि एक वलय तयार होते. ऑक्सफर्डच्या थॉमस विलिस यांनी १६६४ साली 'सेरेब्री ॲनाटोमी' या लॅटिन ग्रंथात त्याचे सविस्तर वर्णन केले. ग्रंथातील चित्रांमध्ये क्रिस्टोफर रेन यांचा हात होता. लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल पुढे उभारणारे वास्तुविशारद ते हेच.

हे वलय विलिस यांच्या आधीही काही शरीररचनाशास्त्रज्ञांनी पाहिले होते. विलिस यांनी त्याचे काम ओळखले. एका बाजूच्या कॅरोटिडमध्ये रंगीत द्रव सोडला की तो वलयातून दुसऱ्या बाजूला पोहोचतो, हे त्यांनी दाखवले. एका मृतदेहात त्यांना एक कॅरोटिड जवळजवळ बंद झालेली आढळली, तरी त्या माणसाला हयातीत पक्षाघाताचा झटका आला नव्हता. रक्ताने दुसरी वाट धरली होती.

पाठ्यपुस्तकात हे वलय सुबक आणि सममित काढलेले असते. प्रत्यक्षात ते तसे क्वचितच असते. १९५९ साली आल्पर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५० निरोगी मेंदूंची वलये तपासली. त्यांच्या व्याख्येप्रमाणे 'सामान्य' वलय जेमतेम निम्म्या मेंदूंत मिळाले. उरलेल्यांत कुठली तरी जोडधमनी दोऱ्यासारखी बारीक होती, दुहेरी होती किंवा अजिबात नव्हती. म्हणजे तुमच्या वर्गातल्या साधारण निम्म्या मुलामुलींचे वलय पुस्तकातल्या चित्राशी जुळणार नाही, आणि त्याने त्यांचे काही बिघडलेले नसेल.

२. 'जन्मजात दुबळी भिंत' हा सिद्धान्त

एकोणिसाव्या शतकात शवविच्छेदने वाढली, तशी धमनीविस्फाराची नोंद होऊ लागली. १८५९ साली लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील विल्यम गल यांनी अशा अनेक रुग्णांची माहिती एकत्र केली. तरुण माणसाच्या मेंदूच्या पृष्ठभागावर मोठा रक्तस्राव आढळला तर विस्फाराचा संशय घ्यावा, असे त्यांचे म्हणणे होते.

मग प्रश्न आला की धट्टाकट्ट्या तरुण माणसात हा फुगा येतो कुठून? वयोमानाने धमन्या कठीण होतात, हे कारण इथे लागू पडेना. १९३० साली जॉन्स हॉपकिन्समधील विकृतिशास्त्रज्ञ फोर्बस यांनी एक उत्तर मांडले. मेंदूच्या धमन्या जिथे दुभागतात, तिथे भिंतीच्या मधल्या स्नायुथरात खंड असतो, आणि विस्फारही बहुधा दुभाजनाच्या जागीच येतात. तेव्हा हा खंड म्हणजे जन्मापासूनचा कच्चा दुवा असावा. युक्तिवाद पटण्यासारखा होता. पुढची कित्येक वर्षे या विकाराला 'जन्मजात विस्फार' असेच म्हटले गेले.

दहा वर्षांनी, १९४० साली, ब्रिटनमधील ग्लिन यांनी एक साधी तुलना केली. विस्फार नसलेल्या माणसांच्या धमन्यांत हे खंड असतात का, हे त्यांनी पाहिले. ते तितक्याच प्रमाणात सापडले. शिवाय भिंतीचा आतला लवचीक थर शाबूत असेल तर खंडाच्या जागी धमनी दाबाखालीही फुगत नव्हती. जी गोष्ट आजारी आणि निरोगी दोघांतही सारखीच आढळते, ती एकटी आजाराचे कारण कशी ठरणार? इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावी अशी ही पायरी आहे. तुलनेसाठी निरोगी गट घेतला आणि दहा वर्षांचा सिद्धान्त डळमळला. 'जन्मजात' हा शब्द मात्र त्यानंतरही बराच काळ वापरात राहिला.

३. भिंतीकडून घडणीकडे

लिस्बनमध्ये इगास मोनिझ यांनी १९२७ साली जिवंत माणसाच्या मेंदूतील धमन्यांचे क्ष-किरण चित्र घेतले. १९३७ साली बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी विस्फाराच्या मानेवर चिमटा बसवून तो बंद केला. डँडी यांच्या १९४४ च्या ग्रंथात डॉर्कस पॅजेट यांनी वलयाच्या रचनेवर लिहिले. मुळात चित्रकार असलेल्या पॅजेट यांनी पुढे मानवी भ्रूणातील धमन्या कशा घडतात याचाही मूलभूत अभ्यास केला.

या अभ्यासांतून विचाराची दिशा बदलली. वलयाच्या पुढच्या भागाचे उदाहरण घेऊ. तिथे डावी आणि उजवी अशा दोन धमन्या एका आखूड जोडधमनीने जोडलेल्या असतात. त्यांपैकी एक जन्मतःच बारीक असेल तर दुसरीला दोन्ही बाजूंचे रक्त वाहून न्यावे लागते, आणि जोडाच्या कोपऱ्यावर प्रवाहाचा मारा वाढतो. या जोडधमनीवर विस्फार असलेल्या रुग्णांत अशी असमान जोडी वारंवार आढळते. इथे जन्मजात आहे ती वलयाची घडण. विस्फार त्या घडणीवर वर्षानुवर्षांच्या प्रवाहाने, रक्तदाबाने आणि धूम्रपानाने तयार होतो. नवजात बाळांत आणि लहान मुलांत तो दुर्मीळ का, याचा उलगडाही इथे होतो.

४. कुटुंबांची नोंद

१९५४ साली अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात एका बापलेकाची हकीकत छापून आली. दोघांच्याही मेंदूतील विस्फार फुटले होते. लेखाच्या शीर्षकात 'जन्मजात' हा शब्द होता आणि 'कौटुंबिक' हाही. पुढे फिनलंड, जपान, नेदरलँड्स अशा देशांतून अनेक कुटुंबांच्या नोंदी झाल्या.

पण एका घरातली माणसे जनुके वाटून घेतात तशी स्वयंपाकघरही वाटून घेतात, सवयीही. घराण्यात आहे म्हणजे रक्तात आहे, असे लगेच म्हणता येत नाही. म्हणून जुळ्यांचा अभ्यास महत्त्वाचा ठरला. डेन्मार्क, फिनलंड आणि स्वीडनमधील ७९,६४४ जुळ्या जोड्यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ५१० जोड्यांत किमान एकाला असा रक्तस्राव झाला होता. दोघांनाही झाला अशा जोड्या फक्त ६ होत्या. समाजात दिसणाऱ्या जोखमीच्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ४१ टक्के, असा अंदाज संशोधकांनी काढला. निम्म्याहून मोठा वाटा जनुकांच्या बाहेरचा निघाला.

२०२० साली दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या जनुकसंचाची तुलना झाली, तेव्हा जोखमीशी जोडलेल्या १७ जागा सापडल्या. धमनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींकडे त्यांतून बोट दाखवले गेले. रक्तदाब आणि धूम्रपान यांच्याशी असलेला आनुवंशिक धागाही दिसला. एकच 'विस्फाराचे जनुक' नाही. सौम्य परिणामाचे अनेक फरक मिळून जोखीम वाढवतात.

५. मग त्या मुलीला काय सांगायचे?

चुंबकीय प्रतिमांमुळे आता सुई न टोचता धमन्या पाहता येतात. मग सगळ्या नातेवाइकांची तपासणी का करू नये? १९९९ साली नेदरलँड्समध्ये १६० रुग्णांच्या ६२६ सख्ख्या नातेवाइकांची तपासणी झाली. या बहुतेक घरांत आजारी पडलेली व्यक्ती एकच होती. २५ जणांत विस्फार सापडला, १८ जणांवर शस्त्रक्रिया झाली, आणि त्यांपैकी ११ जणांची कार्यक्षमता शस्त्रक्रियेनंतर घटली. शोधणे सोपे झाले होते, पण शोधाची किंमत धडधाकट माणसांनी मोजली.

दोन किंवा अधिक सख्खे नातेवाईक आजारी असलेल्या घरांचे गणित वेगळे आहे. उट्रेख्टमध्ये अशा ४५८ जणांची तपासणी झाली, तेव्हा पहिल्याच फेरीत ५१ जणांत, म्हणजे ११ टक्क्यांत, विस्फार मिळाला. पुढची गोष्ट आपल्या विषयासाठी त्याहून मोलाची आहे. आधीच्या दोन तपासण्यांत काहीही न सापडलेल्या १८८ जणांपैकी ५ जणांत नंतर नवा विस्फार दिसला. वारसा आधीपासून होता, फुगा मात्र नंतर आला. हा विकार आनुवंशिक असू शकतो आणि तरीही जन्मजात नसतो, हे इथे स्पष्ट दिसते.

आपल्या सुरुवातीच्या कुटुंबात दोघे आजारी पडले होते. पण नाते काळजीपूर्वक मोजा: वडील त्या मुलीचे सख्खे नातेवाईक, आत्या एक पायरी दूरची. म्हणून तज्ज्ञ आधी वंशवृक्ष काढतात, मग तपासणीचा निर्णय तिच्याशी बोलून घेतात. एका तपासणीत काही न निघाल्याने विषय कायमचा मिटत नाही, हेही तिला सांगावे लागते. आणि धूम्रपान टाळणे, रक्तदाब ताब्यात ठेवणे हे तर तपासणीविनाही तिच्या हातात आहे. 'जन्मजात दुबळी भिंत' या सिद्धान्तात तिला करण्यासारखे काहीच उरले नव्हते.

स्वाध्याय

१. फोर्बस यांचे निरीक्षण बरोबर असूनही निष्कर्ष का टिकला नाही? ग्लिन यांच्या तुलनेच्या आधारे लिहा.

२. 'जन्मजात पण आनुवंशिक नाही' आणि 'आनुवंशिक पण जन्मतः न दिसणारा' अशा विकारांचे प्रत्येकी एक उदाहरण शोधा.

३. १९९९ च्या तपासणीचे आकडे हाती असते, तर तुम्ही सख्ख्या नातेवाइकाला कोणता सल्ला दिला असता? कारणे द्या.