भिंतीला टेकलेलं हरितगृह

मंडळी, हरितगृहाचा इतिहास आपण काचेपासून सुरू करतो, आणि तिथंच फसतो. रोमन सम्राट टायबेरियसला रोज काकडी लागे. प्लिनीने लिहून ठेवलंय, वाफे चाकांवर असत आणि थंडीत ते पारदर्शक दगडाच्या झडपांखाली ढकलत. इंग्लंडात १८४५ साली काचेवरचा कर उठला. मग घराला टेकून काचेचं उतरतं छप्पर बांधणं मध्यमवर्गालाही परवडू लागलं. दक्षिणेकडची भिंत दिवसा ऊन साठवते, रात्री रोपांना ऊब देते.

आता हेच मुखेडला करून बघा! मेच्या मध्यावर सूर्य इथं दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. काचेखाली मिरचीचं रोप उकडून निघेल. आपल्याला हवी सावली. म्हणून घराची पूर्वेची भिंत धरायची: सकाळचं कोवळं ऊन, दुपारनंतर घराचीच सावली. दोन मेढी, वर तुराट्या, बाजूला ओलं गोणपाट, न्हाणीचं वाहून जाणारं पाणी. हल्ली तुराट्यांऐवजी हिरवी शेडनेट दिसते, एवढाच फरक.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, व्याख्येवर अडतो. रोपासाठी हवामान बदलणारी जागा म्हणजे हरितगृह, असं मानलं तर हे त्यात बसतं, बरं का. पण पावसाळ्याआधी तुराट्या चुलीत जायच्या. संग्रहालयात काय ठेवणार?