अस्सल बरहुकूम नक्कल

संग्रहाचा नाद हा एक रोगच होय, असे आमच्या घरातील मंडळींचे मत आहे. व गेल्या तीस वर्षांत ते मत खोडून काढण्याजोगा पुरावा आम्हांस देता आलेला नाही. कोणी नाणी जमवितो, कोणी टपालाची तिकिटे, कोणी पोथ्या. आमच्या वाट्यास मनगटी घड्याळे आली. आजमितीस आमच्या लाकडी खणात त्रेचाळीस घड्याळे आहेत. त्यांपैकी एकोणतीस निःसंशय अस्सल, नऊ निःसंशय खोटी, व उरलेल्या पाचांचा निकाल अद्याप लागावयाचा आहे. पाहुणे येतात, खण उघडून पाहतात, आणि खोटी घड्याळे जवळ कशाला बाळगली, असे हटकून विचारतात. या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबीचे आहे.

आम्ही धुळ्याचे, व पोटापाण्यासाठी बरीच वर्षे जळगावचे. ज्या धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य राजवाडे यांनी देह ठेविला, आणि ज्या धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्यांचे दप्तर सांभाळीत आले आहे, त्या गावी वाढलेल्या मनुष्यास अस्सल आणि नक्कल हे शब्द बाळपणापासून कानी पडावेत यात नवल नाही. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड काढताना राजवाड्यांनी बखरींची जी झाडाझडती घेतली, तिचे मर्म एवढेच की, मागाहून रचलेल्या सुरस हकीकतीपेक्षा त्या त्या दिवशी लिहिलेला अस्सल चिटोरा वजनदार. परंतु दप्तरात वावरलेला मनुष्य नक्कल या शब्दाने दचकत नाही. खाली ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा मारून कारकुनाने जी प्रत केली, ती नक्कल खरी, प्रामाणिक व कित्येकदा अस्सल नष्ट झाल्यावर एकुलती एक साक्षीदार असते. बनावट कागद निराळा. तो आपण नक्कल असल्याचे लपवितो. अस्सल, नक्कल व बनावट अशी ही त्रयी आहे. घड्याळांच्या बाबतीत लोक मधला वर्ग विसरतात आणि जे अस्सल नव्हे ते सारे चोरीचे मानून मोकळे होतात.

प्रामाणिक नकलेचे आमच्या खणातील उत्तम उदाहरण म्हणजे एचएमटीचे ‘जनता’. १९६१ साली बंगळूर येथे जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून या सरकारी कारखान्याने मनगटी घड्याळे काढण्यास आरंभ केला, व पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. यंत्राचा आराखडा जपानी, हात भारतीय, तबकडीवर देवनागरीत ‘जनता’ ही अक्षरे. यात लपविण्याजोगे काही नव्हते व कोणी लपविलेही नाही. रोज सकाळी चावी द्यावयाची, सतरा माणकांवर चाके फिरावयाची, आणि दिवसाकाठी अर्ध्याएक मिनिटाच्या चुकीस कोणी चूक म्हणावयाचे नाही. माणके म्हटली की आमच्या जळगावच्या सराफबाजाराचे कान टवकारतात. एका सोनाराने एकदा आम्हांस गंभीरपणे विचारले होते की, आत सतरा माणके आहेत तर मोडीत काय येईल? ती माणके विसाव्या शतकाच्या आरंभापासून कारखान्यातच तयार होतात, चाकांचे आस झिजू नयेत एवढेच त्यांचे काम, आणि त्यांची किंमत मोहरीएवढ्या काचमण्याहून फारशी अधिक नाही, हे ऐकून तो खिन्न झाला.

खानदेशात घड्याळ आले कसे, हेही थोडे सांगितले पाहिजे. ते आले आगगाडीबरोबर. १८६०च्या दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग जळगाव-भुसावळपर्यंत पोहोचला, त्याच सुमारास अमेरिकेतील यादवीमुळे आमच्या कपाशीस सोन्याचा भाव आला, आणि ज्या प्रांतात सूर्य डोक्यावर आला की दुपार होत असे तेथे फलाटावरचे घड्याळ निराळीच दुपार दाखवू लागले. रेल्वेचे वेळापत्रक मद्रासच्या वेळेवर चाले. हिशेब केला तर जळगावचा स्थानिक मध्यान्ह मद्रासच्या मागून सुमारे १९ मिनिटांनी येतो, आणि मुंबईचा जळगावच्या मागून आणखी ११ मिनिटांनी. म्हणजे सूर्यावर भरवसा ठेवून स्टेशनावर गेलेल्या शेतकऱ्यास गाडीचा धूर तेवढा दिसावयाचा! १९०५ साली रेल्वेने व १९०६च्या आरंभापासून सरकारने सर्व हिंदुस्थानास एकच प्रमाणवेळ लावली. मुंबई शहराने मात्र आपली वेळ १९५५पर्यंत हट्टाने चालविली. त्याच १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, हा निव्वळ योगायोग होय. परंतु दोन जिल्ह्यांच्या दोन मुख्य गावांमध्ये सूर्याचे तीन मिनिटांचे अंतर आहे, हे आम्ही मित्रमंडळीत मोठ्या प्रौढीने सांगत असतो. धुळ्यात आजही खरा मध्यान्ह सरासरीने साडेबाराच्या सुमारास होतो. दुसऱ्या महायुद्धात १९४२च्या सप्टेंबरपासून १९४५च्या ऑक्टोबरपर्यंत सरकारने काटे आणखी एक तास पुढे ढकलले, तेव्हा तो दीड वाजता होत होता. जुनी माणसे तिला युद्धाची वेळ म्हणत.

त्या काळी मनगटावर घड्याळ असणारा म्हणजे रेल्वेचा अंमलदार, वकील, पलटणीतून परतलेला शिपाई, नाहीतर नवा जावई. मनगटी घड्याळ ही आरंभी बायकांची हौस समजली जात असे. पहिल्या महायुद्धातील खंदकांनी तिला पुरुषांच्या हातावर आणून बसविले. आमच्या खणातील सर्वांत जुने अस्सल घड्याळ मुंबईस पेढी असलेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीचे असून, त्याच्या तबकडीवर रोमन लिपीत ‘सोवार प्रायमा’ असे लिहिले आहे. सोवार म्हणजे आपला स्वार. फारसीतून मराठीत आलेला शब्द इंग्रज पलटणीतून स्वित्झर्लंडला गेला आणि तेथून पोलादी डबीत बसून पुन्हा खानदेशात परतला. भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी घड्याळजींच्या दुकानांकडे अधिक लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते.

आता बनावटीविषयी. कित्येकांची समजूत अशी की, खोटी घड्याळे ही आजच्या काळातील अधोगती आहे. वस्तुतः अठराव्या शतकात लंडनच्या कारागिरांची नावे कोरलेली घड्याळे युरोपखंडावर सर्रास तयार होत असत. आणि पॅरिसच्या ब्रेगे या थोर घड्याळजीस त्या शतकाच्या अखेरीस आपल्या तबकडीवर डोळ्यांस सहसा न दिसणारी गुप्त सही कोरण्याची पाळी आली. गरिबांसाठी स्वस्त घड्याळ काढणारा रॉसकॉफ याचेही तेच झाले. अवघ्या ५७ भागांचे, २० फ्रँक किंमतीचे घड्याळ त्याने १८६७च्या पॅरिस प्रदर्शनात मांडले, व पाहता पाहता जगभर रॉसकॉफच्या नावाचा बाजार भरला. या जातीच्या यंत्रात माणकांऐवजी पोलादी खिळ्यांवर काम भागवितात. टिकटिक मोठी व खरखरीत येते. तेच यंत्र पुढे मोठ्या नावाच्या तबकडीखाली दडवून किती घरांत गेले असेल, त्याची गणती नाही. आमच्या घरात त्यांपैकी एक आले.

आमच्या संग्रहातील क्रमांक एकचे ते घड्याळ होय. १९५७ साली आमच्या वडिलांच्या लग्नात आमच्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, ते जावयास दिले. आजोबा तापीकाठचे शेतकरी. त्या वर्षीचा कापूस विकून आलेल्या रकमेतून, एका नामांकित स्विस पेढीचे नाव असलेले ते घड्याळ त्यांनी फिरत्या विक्रेत्याकडून घेतले होते. आई ते पाहुण्यांस दाखवी, आणि माझ्या बापाने पाच खंडी कापसाचे घड्याळ दिले, असे सांगे. वडिलांनी ते तीस वर्षे हातावर वागविले. एका गोष्टीचे मात्र आम्हां मुलांस नेहमी कोडे वाटे. जळगावी सुभाष चौकाच्या आसपास घड्याळजींना तोटा नव्हता. तरी घड्याळ बिघडले की वडील ते जळगावी कोणास दाखवीत नसत. एरंडोल, पारोळा ओलांडून सुमारे नव्वद किलोमीटर धुळ्यास जात, व पाचकंदीलाजवळच्या एका बोळातील घड्याळजीकडूनच ते दुरुस्त करून आणीत. जुनी ओळख आहे, एवढेच सांगत.

१९८९ साली वडील गेले. पाच वर्षांनी आम्ही ते घड्याळ घेऊन त्याच बोळात गेलो. म्हातारे घड्याळजी निवर्तले होते; गादीवर त्यांचे चिरंजीव बसले होते, तेही तेव्हा साठीला आलेले. आम्ही त्यांस नाना म्हणू लागलो ते त्या दिवसापासून. त्यांनी डोळ्याला भिंग लावून मागचे झाकण उघडले, क्षणभर पाहिले, आणि खालच्या आवाजात म्हणाले, “भाऊ, हाई मशीन दुसरंच शे.” तबकडीवर सतरा माणके, आत एकही नाही, पोलादी खिळे. आमच्या कानशिलांस जे ऊन लागले ते अद्याप आठवते. आजोबांच्या पाच खंडी कापसाचे काय झाले, ते आम्हांस तेव्हा कळले.

परंतु खरा कागद पुढेच होता. घड्याळजी मंडळींची जुनी चाल अशी की, दुरुस्ती केली म्हणजे झाकणाच्या आतल्या अंगास सुईने तारीख खरडावयाची. नानांनी भिंग आमच्या हाती दिले. झाकणाच्या आत बारीक अक्षरांत सात तारखा होत्या. पहिली १९६०ची, शेवटची १९८६ची. “बाबांचा हात शे,” नाना म्हणाले. ज्याने १९६० साली झाकण उघडले त्याला ते खोटे असल्याचे त्याच दिवशी समजले असले पाहिजे, आणि त्याने ते मालकास सांगितले नसेल हे संभवत नाही. म्हणजे वडिलांना ठाऊक होते. लग्नाच्या तिसऱ्या वर्षापासून ठाऊक होते. जळगावच्या बाजारात ते न उघडण्याचे कारण हेच. सासऱ्यास कोणी फसविले, ही गोष्ट एका माणसाच्या पलीकडे जाऊ नये म्हणून ते सव्वीस वर्षे पारोळ्याच्या रस्त्याने जात राहिले, आणि आई पाहुण्यांस कापसाची गोष्ट सांगे तेव्हा शेजारी बसून ऐकत राहिले. आम्हीही आईस काही सांगितले नाही. ती २०११ साली गेली, म्हणूनच आज हे लिहिण्यास मोकळीक आहे.

याच सुमारास आमच्या हातून एक पातक घडले होते, तेही नमूद केले पाहिजे. संग्रहाच्या उमेदीत आम्ही एका जुन्या ‘जनता’ची डागाळलेली तबकडी मुंबईस पाठवून नव्याने रंगवून घेतली. आली ती झगझगीत, नवरीसारखी. पुढे समजले की, कारखान्याची मूळ अक्षरे कायमची पुसली गेली व त्यांच्या जागी कोणा रंगाऱ्याची जाड अक्षरे बसली. अस्सल दस्तऐवजावर नवी शाई फिरवावी, तसे झाले. हा उद्योग हल्ली फार वाढला आहे. एचएमटीचा घड्याळ-विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली मंजूर झाला, तेव्हापासून जुन्या घड्याळांस गिऱ्हाईक वाढले, आणि कारखान्याने कधी न काढलेल्या रंगांच्या तबकड्या बाजारात आल्या. नवशिक्यांस आम्ही एक खूण सांगतो. जुन्या तबकडीवरील रेडियमचा लेप अंधारात चमकत असेल तर ती नवी रंगविलेली समजावी. कारण रेडियम हजारो वर्षे जिवंत राहिले तरी त्याच्याबरोबरचे चमकणारे द्रव्य काही वर्षांतच थकून जाते. काटे व अंक यांच्या लेपाचा रंग निराळा असेल तर तेही संशयास्पद. मिनिटांच्या रेघा काट्याखाली नीट येत नसतील, तर पुढे घासाघीस करू नये.

मध्यंतरी एका व्यापाऱ्याने क्रमांक एकच्या घड्याळात त्याच पेढीचे अस्सल यंत्र बसवून देण्याची तयारी दाखविली होती. तसे केले असते तर तबकडीवरचे नाव प्रथमच खरे झाले असते. आम्ही नको म्हटले. त्या घड्याळाच्या चिठ्ठीवर आम्ही ‘बनावट’ असेच लिहिले आहे, व त्याखाली झाकणातील सातही तारखा क्रमाने उतरून ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा मारला आहे.

गेल्या पावसाळ्यात त्याची कमान तुटली. नाना आता फारसे बसत नाहीत. त्यांचा मुलगा दुकान पाहतो, तरी भिंग लावण्याची लकब तीच. कमान घालून झाल्यावर सुई हातात धरून त्याने विचारले, “काका, तारीख टाकू का?” १९८६च्या खाली थोडीशी जागा शिल्लक होती. आम्ही टाक म्हणालो.