जुन्या गाडीची चाल

मोटारगाडीच्या इतिहासाविषयी बोलायचे म्हटले की आपण इंजिनाबद्दल बोलतो. कोणत्या साली किती ताकदीचे इंजिन आले, कोणत्या गाडीने किती वेग गाठला, कोणती शर्यत कोणी जिंकली. गाडीच्या पोटाखालच्या स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर यांची आठवण मात्र रस्त्यात खड्डा आला म्हणजेच होते. आज मी या दुर्लक्षित जोडीविषयी बोलणार आहे, आणि तेही एका जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स कारच्या निमित्ताने.

ही गाडी म्हणजे एमजीबी. इंग्लंडमधील ॲबिंग्डन या गावी १९६२ पासून १९८० पर्यंत ती तयार होत होती आणि तिचे उत्पादन पाच लाखांच्या वर गेले. दोन माणसांची, उघड्या टपाची, फार महाग नसलेली गाडी. तिचे १७९८ सीसीचे इंजिन ‘बी सिरीज’ नावाच्या घराण्यातले. आपल्याकडच्या ॲम्बेसेडरमध्ये अनेक वर्षे जे १४८९ सीसीचे इंजिन होते, तेही याच घराण्यातले. म्हणजे कलेक्टरसाहेबांच्या गाडीची ही एक चुलत बहीणच म्हणायची!

इंग्लंड-अमेरिकेत आजही हजारो एमजीबी रस्त्यावर आहेत. त्यांच्या प्रत्येक मालकापुढे केव्हा ना केव्हा एक प्रश्न उभा राहतो. स्प्रिंगा दबल्या आहेत, शॉकॲब्सॉर्बरमधून तेल झिरपते आहे. आता बदलून काय बसवायचे? होत्या तशाच स्प्रिंगा, की कडक? जुन्याच पद्धतीचे शॉकॲब्सॉर्बर, की नव्या? प्रश्न गॅरेजमधला वाटतो, पण मला तो इतिहासाचा वाटतो. कारण ‘होते तसे’ म्हणजे नेमके कोणत्या सालचे, हे आधी ठरवावे लागते.

थोडे मागे जाऊ. स्प्रिंगवर जेवढा भार टाकावा त्या प्रमाणात ती दबते, हा नियम रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १८०४ मध्ये लंडनच्या ओबडाया एलियट याने घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांचे पेटंट घेतले आणि बग्गीत बसणाऱ्यांची हाडे जरा सुखावली. आपल्या टांग्याखाली आणि मालट्रकखाली जे पाटे दिसतात, ते याच कुळातले. पण स्प्रिंगेत एक खोड असते. ती घेतलेला धक्का परत करते. खड्डा मागे पडला तरी गाडी वरखाली डोलत राहते. घोड्याच्या वेगाला हे चालून गेले. मोटारीचा वेग वाढला, तसे चाक रस्ता सोडून उडू लागले. आणि जे चाक रस्त्याला टेकलेले नाही, त्याला ना वळण घेता येते, ना ब्रेक लागतो.

हे डोलणे थांबवण्यासाठी जे यंत्र आले, त्याला आपण शॉकॲब्सॉर्बर म्हणतो. गॅरेजमधली मुले त्याला ‘शॉकअप’ म्हणतात. खरे तर धक्का झेलते ती स्प्रिंग. शॉकॲब्सॉर्बर तिचे डोलणे आवरतो. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये त्रुफो याने एकमेकींवर घासणाऱ्या चकत्यांचे असे यंत्र बनवले आणि एडवर्ड हार्टफर्ड याने ते अमेरिकेत विकायला घेतले. या कोरड्या घर्षणात एक अडचण होती. असे घर्षण हलायला सुरुवात होतानाच सर्वांत जास्त अडवते. त्यामुळे बारीक खडी थेट पाठीला कळे. मग तेलाचे शॉकॲब्सॉर्बर आले. बारीक छिद्रातून तेल दाबले की हालचाल जितकी जलद, तितका विरोध अधिक. हळू हलले तर मऊ, जोरात हलले तर कडक. हे तत्त्व आजही कायम आहे.

एमजीबीचा मुख्य अभियंता सिड एनेव्हर. गाडी कमी खर्चात बनवायची आणि तरीही वळणावर तिने विश्वास द्यायचा, अशी त्याच्यापुढची मागणी. प्रायोगिक गाडीत त्याने मागच्या बाजूलाही कॉइल स्प्रिंगा लावून पाहिल्या; अखेर मागे पाटेच ठेवले. पुढे कॉइल स्प्रिंगा आणि चारही चाकांना आर्मस्ट्राँग कंपनीचे तरफेचे शॉकॲब्सॉर्बर. आजच्यासारखी लांब नळी नव्हे, तर तेलाची लहानशी पेटी आणि तिच्यातून बाहेर आलेला दांडा. पुढच्या बाजूला हा दांडाच चाक सांभाळणारा वरचा हात असतो. म्हणजे तो केवळ डोलणे आवरत नाही, चाकही जागेवर धरून ठेवतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता १९७४ साल. अमेरिका ही या गाडीची सर्वांत मोठी बाजारपेठ. तिथे १९७३ च्या मॉडेलांपासून नवा नियम आला, की ताशी पाच मैलांच्या धडकेत गाडीचे दिवे वगैरे शाबूत राहिले पाहिजेत. पाठोपाठ बंपर किती उंचीवर असावा, हेही ठरले. नवी गाडी घडवायला ब्रिटिश लेलँडकडे पैसा नव्हता. तेव्हा एमजीबीला काळ्या रबराचे जड बंपर लावले आणि सगळी गाडीच सुमारे दीड इंच उचलली. पुढे आडव्या क्रॉसमेंबरची रचना बदलली, मागे पाट्यांना जास्त बाक दिला. त्यातच उघड्या गाडीची पुढची अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणारी सळई, काढून टाकली. भार वाढला, उंची वाढली आणि आधार गेला. गाडी वळणावर कलू लागली आणि वाहनसमीक्षकांनी तिला धारेवर धरले. १९७६ मध्ये कंपनीने पुढे आणि मागे अशा दोन्ही सळया बसवून चूक बरीचशी सुधारली. उंची मात्र अखेरपर्यंत तशीच राहिली.

म्हणून मी म्हणतो, ‘मूळचे’ म्हणजे कोणते? एनेव्हरने आखलेली १९६२ ची चाल, की नियमाच्या दडपणाखाली उचललेली १९७४ ची? १९७५ च्या गाडीचा मालक ती दीड इंच खाली आणतो, तेव्हा तो गाडी बिघडवत नाही; एका जुन्या निर्णयाविरुद्ध दाद मागतो, असे मला वाटते. मात्र ती दाद मागायची रीत नीट हवी.

पहिला मोह असतो कडकपणाचा. स्पोर्ट्स कार म्हणजे कडक स्प्रिंग, अशी आपली समजूत. पण एमजीबी आली त्याच १९६२ साली लोटस कंपनीची इलान आली. कॉलिन चॅपमनने तिला मऊ स्प्रिंगा दिल्या आणि त्यांना आवरायला योग्य शॉकॲब्सॉर्बर. वळणे घेण्यात ती गाडी आजही आदर्श मानली जाते. कारण मऊ स्प्रिंगेवरचे चाक खडबडीत रस्त्याला चिकटून राहते. अर्थात इलान वजनाने फार हलकी आणि तिची चारही चाके स्वतंत्र. एमजीबीला तिची हुबेहूब नक्कल पेलणार नाही. पण कडक म्हणजेच चांगले नव्हे, एवढा धडा तिला लागू आहे.

दुसरा मोह कापण्याचा. गाडी खाली आणायची म्हणून कॉइलचा एक वेढा कापून टाकतात. आठ वेढ्यांतला एक गेला की स्प्रिंग सुमारे १४ टक्क्यांनी कडक होते, आणि कापलेले टोक आपल्या खोबणीत धड बसतही नाही. तारेच्या जाडीचे गणित तर याहून तिखट आहे. तार १० टक्क्यांनी जाड झाली, तर स्प्रिंग सुमारे ४६ टक्क्यांनी कडक होते, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन स्प्रिंगा म्हणजे दोन वेगळ्या गाड्या असू शकतात.

शिवाय पुढचे-मागचे नाते असते. मॉरिस ऑली हा रोल्स-रॉइसमध्ये तयार झालेला अभियंता १९३० मध्ये अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला. तिथे वजने पुढेमागे सरकवता येतील अशी गाडी करून त्याने प्रयोग केले आणि दाखवून दिले, की मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी जलद डोलेल अशी ठेवावी. मागचे चाक उंचवट्यावर उशिरा चढते. जरा जलद डोलले की ते पुढच्याला गाठते आणि गाडी होडीसारखी हेलकावत नाही. त्यामुळे पुढच्या स्प्रिंगा भरमसाट कडक करून मागचे पाटे जुनेच ठेवले, तर हा मेळ बिघडतो. स्प्रिंग कडक केली की तिला आवरायला शॉकॲब्सॉर्बरही वाढवावा लागतो. कडकपणा दुप्पट झाला, तर विरोध सुमारे १.४ पट हवा.

मग शॉकॲब्सॉर्बर कोणते? तरफेच्या पेटीत तेल थोडे. सतत खडबडीत रस्त्यावर ते तापते, पातळ होते आणि जोर कमी पडतो. लांब नळीच्या, म्हणजे टेलिस्कोपिक शॉकॲब्सॉर्बरमध्ये तेल जास्त आणि कडकपणा जुळवून घेण्याची सोय असलेलेही मिळतात. पण पुढे तो दांडा चाक धरून ठेवतो, हे मगाशी पाहिले. तेव्हा पुढचा शॉकॲब्सॉर्बर नुसता काढून दुसरा लावता येत नाही. वरच्या हाताचीही सोय करावी लागते. कारखान्याचे उत्तर हवे असेल, तर १९९३ मध्ये रोव्हरने याच गाडीच्या ढाच्यावर आरव्ही-८ विकायला काढली. तिला चारही बाजूंना कोनी कंपनीचे टेलिस्कोपिक शॉकॲब्सॉर्बर होते, आणि मागे मात्र पाटेच!

मला कोणी विचारले तर मी क्रम सांगतो. आधी रबरी बुश आणि टायर तपासा. पुष्कळदा दोष तिथेच सापडतो. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंना मोजा. आपली गाडी कोणत्या सालची, उघडी की जीटी, हे पाहून त्या जातीच्या मूळ कडकपणाच्या नव्या स्प्रिंगा घ्या. जीटीचे मागचे पाटे अधिक कडक असतात, ते उघड्या गाडीला लावू नका. तरफेचे शॉकॲब्सॉर्बर नीट दुरुस्त करून घेतले, तर रोजच्या वापराला पुरतात. एवढे करून महिनाभर गाडी चालवा आणि मगच काही उणे वाटले, तर एका वेळी एकच बदल करा. एकदम सगळे बदलले, तर सुधारणा कशाने झाली आणि बिघाड कशाने, ते शेवटपर्यंत कळत नाही.