कूटबद्ध डिस्क उघडते, पण सेवा अडते

मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ रोजी प्रवासी उड्डाणे सुरू झाली आणि पेडणेकरांच्या सामानात बाह्य डिस्कही फिरू लागली. बॅग गहाळ झाली तरी कागदपत्रे परक्याच्या हाती पडू नयेत, यासाठी ती कूटबद्ध करणे शहाणपणाचे. लिनक्समध्ये हे काम ‘लक्स’ करते. मात्र घरी फेडोरावर परवलीचा शब्द स्वीकारला जातो, डिस्क जोडली जाते, तरीही फाइल-वाटप करणारी ‘सांबा’ सेवा तिला हात लावू शकत नाही, असे घडते.

घाबरून डिस्क फॉरमॅट केल्यास सारे गमवावे लागेल. दोष कूटबद्धतेत नाही; अडवणारे असते ‘एसईलिनक्स’. परवानग्या योग्य असल्या तरी ते प्रत्येक फाइलवरील सुरक्षा-लेबल स्वतंत्रपणे तपासते. म्हणून ‘सीएचमॉड ७७७’ येथे निरुपयोगी. उलट फाइली सर्वांना मोकळ्या होतात.

प्रथम ‘ऑसर्च’ने ताज्या ‘एव्हीसी’ नोंदी पाहाव्यात. कोणत्या सेवेला कोणत्या लेबलाची फाइल नाकारली, हे तिथेच लिहिलेले असते. डिस्क ‘ईएक्सटी४’ असेल, तर ‘सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट’ने त्या फोल्डरला ‘सांबा_शेअर_टी’ लेबल नेमून मग ‘रिस्टोअरकॉन’ चालवावे. नुसते ‘रिस्टोअरकॉन’ पुरत नाही, कारण ‘एमएनटी’खालील जोडलेल्या डिस्कवरील फाइलींसाठी मूळ धोरणात लेबलच ठरलेले नसते. ‘एक्सफॅट’वर तर लेबल साठवताच येत नाही, तेथे जोडतानाच ‘कॉन्टेक्स्ट’ पर्याय द्यावा लागतो.

‘सेटएन्फोर्स ०’ने अडथळा हटतो खरा, पण पहारा साऱ्या संगणकावरून उठतो. निदानापुरता तो वापरावा आणि लगेच ‘सेटएन्फोर्स १’ करावे.