म्हैस आमची, चारा कुणाच्या शेतातला?

तालुक्याचे गाव वाढू लागले की दुधाची मागणी वाढते. चहाच्या टपऱ्या, खानावळी, नव्या कॉलन्या, सगळ्यांना रोज ताजे दूध हवे असते. म्हणून आमच्या वस्त्यांतली शिकलेली मुले विचारतात, गावाजवळ दोन एकर घेऊन चार म्हशींचा गोठा का टाकू नये? प्रश्न साधा आहे. उत्तर साधे नाही, कारण त्या दोन एकरांच्या आड दीडशे वर्षांचे कायदे उभे आहेत.

गावगाड्यात गुराढोरांतला आमचा वाटा कोणता होता? जिवंत जनावराचे दूध-तूप मालकाचे, मेलेले ढोर ओढायचे आम्ही. त्या चाकरीबद्दल हाडकी-हाडवळा, म्हणजे महारवतनाची जमीन. 1874 च्या वतन कायद्याने ही वंशपरंपरेची चाकरी पक्की केली. बाबासाहेबांनी 1927 साली महाडला मृतमांस सोडायला सांगितले आणि 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायदा बदलण्याचे विधेयक मांडले. आम्ही या दोन गोष्टी वेगळ्या मानत नाही. मेलेले ढोर सोडायचे तर त्याला बांधलेली जमीन मोकळी व्हायला हवी, हे त्यांनी ओळखले होते.

वतन गेले ते 1958 च्या कायद्याने. शेतसाऱ्याच्या तिप्पट रक्कम भरून जमीन परत मिळाली, पण नव्या शर्तीवर. विकायची तर कलेक्टरची परवानगी आणि वर नजराणा. आजही सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' दिसतो तो यामुळे.

'कसेल त्याची जमीन' ही घोषणाही आमच्या दारात येऊन थांबली. 1948 च्या कूळकायद्यात 1957 साली कूळ मालक झाले. पण सालगडी कूळ नव्हता, रोजंदारीची बाई कूळ नव्हती. माती कसली त्यांनी, नाव लागले दुसऱ्याचे. जुन्या मुंबई राज्याच्या भागात लागू असलेल्या याच कायद्याचे कलम 63 सांगते की शेतकरी नसलेल्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. शेतकरी कोण? जो स्वतः जमीन कसतो तो. आणि शेतीच्या व्याख्येतून दुग्धव्यवसाय 'जोडधंदा' म्हणून वगळलेला! म्हणजे तीस वर्षे म्हशी पाळून डेअरीला दूध घालणारी भूमिहीन बाई कायद्याच्या लेखी शेतकरी नाही. ज्याच्याकडे जमीन आहे त्यालाच जमीन मिळेल, हा न्याय आहे की वारसाहक्क?

पंजाबात 1900 च्या जमीन हस्तांतर कायद्याने हेच केले होते. तिथे 'शेतकरी जमाती'ची यादी होती आणि अस्पृश्य त्या यादीबाहेर होते. महाराष्ट्राच्या कायद्यात जातीचे नाव नाही. पण ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या जमीन मिळाली नाही, त्याला ही अट जातीसारखीच लागते.

कुणी म्हणेल, ही अट नसेल तर शहरातले पैसेवाले शेती गिळतील. धोका खरा आहे. म्हणून अट काढा असे आम्ही म्हणत नाही. शेतमजूर आणि पशुपालक यांना शेतकरी माना, एवढेच म्हणतो. पैसेवाल्याला कुठला तरी सातबारा सापडतोच, अडकतो तो मजूर.

सहकारी दूधसंस्थेची कल्पना चांगली होती. 1946 पासून आणंदने घालून दिलेल्या पद्धतीत दूध घालणारा सभासद होतो, सातबारा लागत नाही. पण 11 राज्यांतल्या 565 गावांची पाहणी करून 2006 साली निघालेल्या अभ्यासात जवळपास निम्म्या गावांत दलितांचे दूध संस्थेत घेत नसल्याचे आढळले. जिथे घेतात तिथेही कडबा, मका, हिरवा चारा विकतच घ्यावा लागतो. चाऱ्याला जमीन नसेल तर दुधाचा पैसा चारावाल्याच्या घरी जातो. दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले. पडीक जमिनीची ती मागणी पोटाची होती, तशीच जनावराच्या दावणीचीही होती.

2004 पासून दादासाहेबांच्याच नावाची योजना आहे. त्यात भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत मिळते. 2018 साली ती शंभर टक्के अनुदानाची झाली आणि एकरी मर्यादा ठरली जिरायतीला 5 लाख, बागायतीला 8 लाख. वाढत्या गावाजवळ या भावात कोण विकेल? मग मिळते ती लांबची, बिनपाण्याची, वाट नसलेली जमीन. दूध दिवसातून दोनदा पोचवावे लागते. लांबच्या माळावर गोठा चालत नाही.

म्हणून दोन गोष्टी. पहिली सरकारसाठी: योजनेचा दर त्या गावच्या चालू बाजारभावाशी जोडा आणि दूध उत्पादकाला शेतकऱ्याचा दर्जा द्या. दुसरी आपल्या माणसांसाठी: गाव वाढले की दलाल हाडवळ्यावर येतो. चाळीस नावांच्या सातबाऱ्यातला तुमचा दोन गुंठ्यांचा हिस्सा तो कवडीमोलाने मागतो. तो हिस्सा म्हणजे तुम्ही शेतकरी असल्याचा कागद आहे. तो गेला तर उद्या पैसे असूनही शेतजमीन घेताना अडाल. शेवटचा गुंठा विकू नका, वारसनोंदी आजच करून घ्या. आणि जमीन घेताना वर्ग, इतर हक्कांचा रकाना, वाट आणि पाणी पाहिल्याशिवाय इसार देऊ नका.

मेलेले ढोर आम्ही सोडले. जिवंत म्हशीसाठी जमीन घेणे, हा त्याच लढ्याचा उरलेला भाग आहे.

जय भीम.