ऑफसाइडचा नियम

फुटबॉल शिकणाऱ्या मुलाला अन्यायाचा वाटणारा ऑफसाइडचा नियम मुळांत जन्मला मुलांच्याच शाळांत. इंग्लंडांतील ईटनच्या विद्यालयांत चेंडूच्या पुढें जाऊन प्रतिपक्षाच्या गोलाजवळ दबा धरणें हें चोरटेपणाचें लक्षण मानीत. १८६३ सालीं फुटबॉल असोसिएशननें पहिले नियम केले. त्यांत चेंडूच्या पुढें असलेला गडी ऑफसाइडच ठरे. १८६६ मध्यें बंधन सैल झालें. चेंडू धाडला जातांना त्या गड्याच्या पुढें प्रतिपक्षाचे तीन गडी असले म्हणजे पुरे.

परंतु या तिनाच्या आंकड्यांतच बचावाला शस्त्र सांपडलें. न्यूकॅसलचा बिल मॅक्रॅकन नेमक्या क्षणीं पुढें सरके. मागें गोलरक्षक व एक साथी एवढेच उरत, आणि चढाई करणारा फसे. प्रेक्षकांनीं शिट्ट्याच ऐकाव्या काय? अखेर १९२५ सालीं तिनाचे दोन झाले. फर्स्ट डिव्हिजनमधील गोल एका मोसमांत ११९२ वरून १७०३ वर गेले! त्यांतले सात न्यूकॅसलनेंच एका सामन्यांत आर्सेनलवर चढविले. त्यानंतर आर्सेनलचा व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यानें मधला गडी मागें घेऊन बचावांत तिसरा उभा केला, आणि इतर संघांनीं त्याचाच कित्ता गिरविला. आज मुलें शिकतात तो दोघांचाच नियम. मात्र शेवटून दुसऱ्या प्रतिपक्ष्याच्या समरेषेंत असलेला गडी १९९० पासून निर्दोष ठरतो.