लांकडी बेसबॉल-मैदानांचे बदलते आराखडे

अमेरिकेंतील बेसबॉल या खेळाचीं आरंभींचीं मैदानें लांकडाचीं होतीं. कुंपण, सज्जे, छपरें, बसावयाचे बांक, सर्व लांकडीच. इ. स. १८६२ च्या मे महिन्यांत ब्रुकलिन येथें विल्यम कॅमेयर यानें, हिवाळ्यांत बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठीं वापरांत असलेल्या आपल्या जागेस कुंपण घालून 'युनियन ग्राउंड्स' उघडलें. बेसबॉलसाठीं बंदिस्त केलेलें हें पहिलें मैदान समजतात. तेथपासून १९०९ सालीं फिलाडेल्फिया येथें पोलाद व काँक्रीट यांचें 'शाइब पार्क' उभें राहीपर्यंत हा लांकडी काळ सुमारें अर्धशतक चालला. त्या काळच्या मोठ्या संघांच्या मैदानांपैकीं एकहि आज उभें नाहीं. जें उरलें आहे तें कागदोपत्रीं. त्या कागदांवरून मैदानांचीं मापें देतांना पुष्कळदां एका नांवापुढें एकच आंकडा लिहिला जातो. ही पद्धति सदोष आहे, आणि ज्या मापास साल नाहीं तें प्रमाण मानूं नये, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम खेळाची रचना थोडक्यांत सांगतों. मैदानांत ९० फूट बाजूचा एक चौकोन असतो. त्याच्या चार कोपऱ्यांस चार ठाणीं असून त्यांपैकीं एका ठाण्यापाशीं फलंदाज उभा राहतो. चेंडू हवेंतून समोरच्या कुंपणापार गेला म्हणजे फलंदाज चारी ठाणीं फिरून येतो. यास होम रन म्हणतात. गोलंदाजाचें अंतर १८९३ सालीं ६० फूट ६ इंच ठरलें, तेंहि तेव्हांपासून कायम आहे. म्हणजे आंतील चौकोन नियमानें बांधलेला. परंतु बाहेरचें कुंपण जागेच्या सोयीप्रमाणें जवळ किंवा दूर. या दुसऱ्या गोष्टीवर खेळाडूंची कीर्ति किती अवलंबून असते, याचें उत्तम उदाहरण शिकागो येथील 'लेक फ्रंट पार्क' हें होय.

हें मैदान सरोवराच्या कांठीं, रस्ता व लोहमार्ग यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेंत होतें. डावीकडील कुंपण सुमारें १८० फुटांवर व उजवीकडील सुमारें १९६ फुटांवर. १८८३ सालीं तेथें कुंपणापार गेलेल्या चेंडूबद्दल फलंदाजास दोनच ठाणीं मिळत. १८८४ सालीं हा स्थानिक नियम बदलून तोच फटका होम रन धरूं लागले. परिणाम पाहावा. नेड विल्यम्सन या खेळाडूचे होम रन १८८३ सालीं २, १८८४ सालीं २७, व संघ दुसऱ्या मैदानावर गेल्यावर १८८५ सालीं ३. त्या वर्षीं त्याचा हात विशेष चालला असेल, असें कोणी म्हणेल. परंतु २७ पैकीं २५ घरच्या मैदानावरचे व अवघे २ परस्थळींचे आहेत, एवढ्यानें ती शंका फिटते. हा उच्चांक १९१९ सालीं बेब रूथ यानें २९ होम रन करीपर्यंत टिकला. पस्तीस वर्षें लोक ज्यास एका मनुष्याचा पराक्रम समजत, त्यांत मोठा वांटा एका लांकडी कुंपणाचा व एका नियमाचा होता.

आराखडे बदलण्याचें दुसरें मोठें कारण अग्नि. १८९४ या एकाच सालीं बोस्टन येथें १५ मे रोजीं, शिकागो येथें ५ ऑगस्ट रोजीं व फिलाडेल्फिया येथें ६ ऑगस्ट रोजीं मैदानें पेटलीं. बोस्टनचें 'साउथ एंड ग्राउंड्स' यावरील १८८८ सालचा दुमजली, मनोऱ्यांनीं शोभिवंत सज्जा सामना चालू असतांनाच जळाला आणि आग भोंवतालच्या वस्तींत पसरली. विमा मूळ खर्चापेक्षां कमी रकमेचा असल्यामुळें नवा सज्जा पूर्वीहून लहान बांधावा लागला. यास्तव १८९३ चें छायाचित्र घेऊन १८९५ च्या मैदानाचें वर्णन करणें अयोग्य होय. मधल्या काळांत बोस्टनचा संघ 'काँग्रेस स्ट्रीट ग्राउंड्स' येथें खेळला. तेथील डावें कुंपण जवळ होतें. त्याच ठिकाणीं ३० मे १८९४ रोजीं बॉबी लो यानें एका सामन्यांत चार होम रन केले. मोठ्या संघांच्या इतिहासांत असें प्रथमच घडलें. आग लागली नसती तर तो सामना त्या कुंपणासमोर झालाच नसता.

तिसरी अडचण नांवाची. न्यूयॉर्क येथील 'पोलो ग्राउंड्स' हें नांव प्रथम सेंट्रल पार्कच्या उत्तरेकडील, खरोखरच पोलो खेळत असत त्या जागेचें. पुढें संघ स्थलांतर करी तसें नांवहि त्याच्याबरोबर गेलें. १४ एप्रिल १९११ रोजीं जें 'पोलो ग्राउंड्स' जळालें तें १८९० सालीं 'ब्रदरहुड पार्क' या नांवानें बांधलेलें होतें. याच्या उलट सेंट लुई येथील 'स्पोर्ट्समन्स पार्क' याची जागा तीच राहिली, पण खेळाचा चौकोन फिरला: १९०२ पासून फलंदाजाचें ठाणें वायव्य कोपऱ्यांत होतें, तें १९०९ सालीं नैर्ऋत्य कोपऱ्यांत गेलें. अर्थात् पूर्वींचें 'डावें कुंपण' व नंतरचें 'डावें कुंपण' या दोन वेगळ्या भिंती आहेत. एक नांव व अनेक वास्तु, एक जागा व अनेक रचना, असे दोन्ही प्रकार संशोधकानें ध्यानांत ठेवावे.

मग निर्णय कशावरून करावा? या कामीं मुख्य साधन आगीच्या विम्याचें आहे. १८६७ सालीं स्थापन झालेल्या सॅनबॉर्न कंपनीनें विमावाल्यांच्या उपयोगासाठीं अमेरिकेंतील सुमारें १२ हजार गांवांचे नकाशे काढिले. वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें त्यांचीं सुमारें ७ लक्ष पत्रकें आहेत. प्रमाण बहुधा ५० फुटांस १ इंच. लांकडी बांधकामास पिवळा रंग, विटांच्या कामास तांबूस व दगडी कामास निळा. खेळाचा चौकोन त्यांत बहुधा दाखविलेला नसतो, कारण त्यांत जळण्यासारखें कांहीं नाहीं! परंतु सज्जा ज्या कोपऱ्यांत वळतो तेथें फलंदाजाचें ठाणें असावयाचें. तेथें १.८ इंच बाजूचा चौकोन मांडून त्याच्या बाजू कुंपणापर्यंत वाढविल्या म्हणजे माप हातीं येतें. सज्जा व ठाणें यांमधील अंतर छायाचित्रांवरून आणि तत्कालीन वृत्तपत्रांवरून ताडून घ्यावें लागतें.

तथापि येथेंहि एक धोका आहे. नवें बांधकाम झालें म्हणजे कंपनी ग्राहकांस दुरुस्तीचे कागदी तुकडे पाठवी व ते जुन्या पत्रकावर डकविले जात. आमच्या पोथ्यांत लेखक चुकलेल्या अक्षरांवर हरताळ लावून वर नवा पाठ लिहितो, तसाच हा प्रकार. त्यामुळें शीर्षपत्रावर एक साल, आणि आंत त्यानंतरच्या निरनिराळ्या सालांचीं बांधकामें, असें संमिश्र पुस्तक तयार होतें. ज्या प्रतींत तुकडे डकविलेले नाहींत ती प्रत मूळ स्थिति दाखविते. ज्या प्रतींत आहेत ती उत्तरकालीन. दोन्ही मिळाल्या तर मधल्या काळांत काय बदललें हें प्रत्यक्ष दिसतें. एकच प्रत पाहून निर्णय देणारा संशोधक एकाच पोथीवरून संहिता छापणाऱ्या संपादकाच्या पंक्तीस बसतो.

या विषयांत अमेरिकन विद्वानांनीं चांगला उद्योग केला आहे. १९७१ सालीं कूपर्सटाउन येथें बेसबॉलच्या संशोधनासाठीं एक मंडळ स्थापन झालें. फिलिप लोरी यांचा 'ग्रीन कॅथीड्रल्स' हा ग्रंथ १९८६ सालीं निघाला, व रॉन सेल्टर यांनीं २००८ सालीं विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील मैदानांचीं मापें ग्रंथरूपानें मांडलीं. या दिशेनें पुढें जाणाऱ्यांनीं प्रत्येक मापापुढें चार गोष्टी लिहाव्या असें आम्हांस वाटतें: साल, साधन, तें माप प्रत्यक्ष मोजलेलें कीं नकाशावरून काढलेलें, आणि त्या सालीं कुंपणापार गेलेल्या चेंडूचा नियम. ज्यांच्या संग्रहीं असे जुने नकाशे असतील त्यांस एकच विनंती. डकविलेले तुकडे स्वच्छतेच्या हौसेनें सोडवूं नयेत. पत्रक उजेडासमोर धरून खालची रेघ दिसते काय हें पाहावें, आणि तुकड्यावर साल असल्यास तें टिपून ठेवावें. वरचा व खालचा, दोन्ही पाठ जपले तरच त्या मैदानाचा इतिहास लिहितां येईल.